पाळीपूर्व त्रासावरील वनौषधी (कोल्हापूर परिसर)

पाळी येण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत तरुण मुलींना जाणवणारी चिडचिड, रडू येणे, पोट फुगणे, छाती दुखरी होणे, झोप बिघडणे यांवर कोल्हापूर शहर-जिल्ह्यात वापरले जाणारे वनस्पतिज उपाय. अंगावरून जाऊ लागले की हा त्रास ओसरतो, ही त्याची मुख्य खूण. वैद्यकात रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ साली त्याचे वर्णन केले. बोलीत त्याला वेगळे नाव नाही. ‘तारीख जवळ आलीय, म्हणून कुरकुर चाललीय’ एवढ्यावर भागते. नावच नसल्याने उपायही उसने आहेत : काही बाळंतिणीच्या खुराकातले, काही पाळीतल्या पोटदुखीचे.

सर्वांत रुळलेला उपाय ओवा व बाळंतशोपांचा. दोन्ही कोरडे भाजून, चिमूटभर सैंधव घालून चघळतात किंवा गुळाच्या खड्याबरोबर खातात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथे मात्र त्याचे काम चवीपुरतेच. ओव्यातील थायमॉलमुळे गुबारा मोकळा होतो. चिडचिडीवर त्याचा भरवसा धरू नये.

निरगुडी बांधावर, ओढ्याकाठी सहज सापडते. तिच्या पानांना एरंडेल चोपडून ती तव्यावर गरम करतात आणि सोसवेल इतकी ऊन असताना कंबरेला बांधतात. आराम पडतो तो बराचसा शेकाचा. हिचीच युरोपीय बहीण, व्हायटेक्स अ‍ॅग्नस-कास्टस, पाळीपूर्व त्रासावर अधिक तपासली गेली आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००१ साली आलेल्या चाचणीत १७० स्त्रिया होत्या, तीन पाळ्यांनंतर तिचा अर्क घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के व लुटुपुटीची गोळी घेणाऱ्यांपैकी २४ टक्के जणींचा त्रास निम्म्याने तरी उतरला. तो अर्क फळांचा होता. आपल्या निरगुडीच्या पानांना हे श्रेय देता येत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास किंवा दिवस गेले असल्यास तो अर्क डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

अशोकाची साल परंपरेने अति रक्तस्रावावर देतात, पाळीपूर्व त्रासावर नव्हे. शिवाय रस्त्याकडेला सरळसोट वाढणारा ‘अशोक’ सीताफळाच्या कुळातला; औषधी सीतेचा अशोक वेगळा, केशरी फुलांचा. दोन्हींच्या सालींची भेसळ होते. अशोकारिष्ट आंबवून करतात, त्यामुळे त्यात मद्यार्क असतो, हे शाळकरी मुलीला देताना ध्यानात ठेवावे. शतावरी मुळात दूध येण्यासाठीची. बाजारच्या कल्पात मुळीपेक्षा साखरच जास्त.

औषधी म्हणून कोणी मोजत नसले, तरी राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडची नाचणी येथे नोंदवायला हवी. १९९८ च्या एका अमेरिकी चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमने पाळीपूर्व त्रास जवळपास निम्म्याने घटला; नुसत्या दिखाऊ गोळीने तो ३० टक्के घटला होता. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम सुमारे ३५० मिलिग्रॅम. म्हणजे वाटीभर आंबिलीने बाराशेचा आकडा गाठला जात नाही. दूध, तीळ, शेवग्याचा पाला यांची जोड लागते.