न खोदण्याचा आराखडा

काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये इप्सविचला ऑनसाइट होतो. एक शनिवार रिकामा मिळाला, म्हणून ट्रेननं मेल्टनला उतरलो आणि तिथून चालत सटन हूला गेलो. समोर काय, तर गवताळ माळावर पसरलेली मातीची टेकाडं. चार-पाच मिनिटं पाहिली आणि मनात म्हटलं, एवढ्यासाठी चालत आलो?

गोष्ट तशी प्रसिद्ध आहे. २०२१ च्या 'द डिग' या सिनेमामुळे बऱ्याच जणांना माहीत असेल. सफोकमधल्या या इस्टेटीची मालकीण एडिथ प्रिटी. आपल्या जमिनीतल्या या टेकाडांत आहे तरी काय, हे बघायला तिनं १९३८ मध्ये बेसिल ब्राऊनला बोलावलं. हा माणूस स्वतःच्या बळावर पुरातत्त्व शिकलेला, डिग्री वगैरे काही नाही. १९३९ मध्ये सर्वांत मोठ्या टेकाडात त्याला लोखंडी रिव्हेटांच्या रांगा दिसल्या. सातव्या शतकातलं २७ मीटर लांबीचं जहाज! लाकूड आम्लधर्मी वाळूत केव्हाच विरून गेलं होतं, उरला होता तो वाळूतला ठसा. मधल्या कक्षात सोनं, चांदी, शिरस्त्राण. चोरांनी शेकडो वर्षांपूर्वी इथे खड्डा घेतला होता, पण नांगरटीत टेकाडाची एक बाजू आधीच गेलेली, त्यामुळे त्यांचा 'मध्य' चुकला. (नांगराचे उपकार म्हणायचे.) चौकशीत हा खजिना बाईंचाच ठरला, आणि त्यांनी तो सगळा ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

सिनेमा साधारण इथेच संपतो. मला मात्र पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

सप्टेंबरात युद्ध सुरू झालं. जहाजाचा खड्डा नुसता पालापाचोळ्यानं झाकून ठेवलेला. लष्करानं सरावासाठी तिथेच गाड्या फिरवल्या. १९६० च्या दशकात म्युझियमची माणसं परत आली तोवर ठशाचं बरंच नुकसान झालं होतं. एक प्रश्नही तसाच लोंबकळत होता. १९३९ मध्ये प्रेत सापडलं नव्हतं, त्यामुळे ही रिकामी, स्मारकवजा कबर असावी असंही काही जण म्हणत. शेवटी मातीतलं फॉस्फेट तपासलं, तेव्हा इथे माणूस पुरलेला असावा असं दिसलं. १९३९ मध्ये या तपासणीचा विचारच झालेला नव्हता. विचार करा, ती मातीही तेव्हाच संपवली असती तर? उत्खनन म्हणजे वाचता वाचता डेटा डिलीट करणं. बॅकअप नाही. एखादा सर्व्हर असा हाताळला तर आपला मॅनेजर काय म्हणेल :)

१९८३ मध्ये मार्टिन कार्व्हर आला आणि त्यानं फावडं बाजूलाच ठेवलं. पहिली तीन वर्षं मोठं उत्खनन नाहीच! शेतं पायी फिरून वरवर पडलेल्या वस्तू टिपल्या, जमिनीखालचं उपकरणांनी पाहिलं, जुने खड्डे परत उघडून आधीच्या लोकांनी किती शिल्लक ठेवलंय ते तपासलं. ससे, झाडोरा यांनी काय बिघडतंय तेही पाहिलं. मग प्रश्न ठरवला: इथे राज्य कसं उभं राहिलं? आणि त्याचं उत्तर मिळण्यापुरतीच जागा आखली. १९८६ ते १९९२ तेवढीच खोदली. बाकीची मुद्दाम सोडली, पुढच्या पिढीच्या हातात आपल्यापेक्षा चांगली साधनं असतील म्हणून.

एवढ्या जागेतही भरपूर मिळालं. १९९१ मध्ये एका टेकाडाखाली एक तरुण आणि शेजारच्या वेगळ्या खड्ड्यात त्याचा घोडा निघाला. चोरांनी नेमकं दोघांच्या मधोमध खणलं होतं! दुसरीकडे देहदंड दिलेल्यांच्या कबरी निघाल्या. हाडं जवळपास विरघळलेली, उरलेली फक्त काळसर वाळूची माणसं. ते फोटो मी रात्री बघितले, नको बघायला होते.

एक टेकाड त्यांनी त्याच्या मूळ उंचीइतकं पुन्हा रचून ठेवलंय. बाकीची झिजून ठेंगणी झाली आहेत, ते त्याच्या शेजारी उभं राहिलं की कळतं. १९९८ मध्ये इस्टेट नॅशनल ट्रस्टकडे आली. २००० मध्ये पर्यटक केंद्र बांधायचं ठरलं, तर त्याच जागेवर आणखी एक अँग्लो-सॅक्सन दफनभूमी निघाली. तिथे थांबायची सोय नव्हती, खोदावंच लागलं.

परतताना मी पुन्हा त्या टेकाडांपाशी गेलो. या वेळी चांगला तासभर बसलो, आणि परतीची ठरवलेली ट्रेन चुकली.