बदललेल्या लहरींच्या मागावर

विसर्जनाच्या दिवशी बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी खरखरू लागला की आजूबाजूची चार माणसे नकळत कान टवकारतात. कुठली मूर्ती कुठवर आली, कुठला रस्ता बंद झाला, हे त्या खरखरीतून सगळ्यांच्या आधी कळते. अमेरिकेत याच उत्सुकतेतून एक छंद उभा राहिला. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, नगरपालिकेची रस्ते दुरुस्ती या स्थानिक सरकारी खात्यांचे बिनतारी बोलणे घरी बसून ऐकायचे, आणि खात्याने आपली लहर बदलली की नवी लहर शोधून काढायची. या छंदाला आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. त्याचा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत, कारण त्यात सरकार आणि नागरिक यांच्या नात्याचा एक प्रश्न दडलेला आहे.

सुरुवात डेट्रॉइट शहरात झाली. तिथल्या पोलिसांचे बिनतारी केंद्र 7 एप्रिल 1928 पासून नियमित चालू झाले. त्याआधीच्या प्रयोगांच्या काळात या केंद्राला परवाना मिळाला होता तो करमणुकीचे केंद्र म्हणून, त्यामुळे पोलिसी निरोपांच्या मध्ये गाणी वाजवावी लागत! ही व्यवस्था एकतर्फी होती. मुख्यालय बोलणार, गाडीतला शिपाई फक्त ऐकणार. 1933 मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन या गावी गाडीतूनही उलट बोलण्याची सोय झाली. त्या काळी पोलिसांच्या लहरी नेहमीच्या मध्यम लहरींच्या पट्ट्याच्या किंचित वर असत. त्यामुळे घरातल्या रेडिओचा काटा थोडा पुढे सरकवला की पोलीस ऐकू येत. 1930 च्या दशकातल्या अनेक अमेरिकन रेडिओंच्या तबकडीवर ‘पोलीस’ असा शब्दच छापलेला असे. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध वृत्तछायाचित्रकार वीजी याला 1938 मध्ये आपल्या मोटारीत पोलीस रेडिओ बसवण्याची परवानगी मिळाली होती.

पुढे पोलीस एफएम पद्धतीकडे आणि अधिक वरच्या पट्ट्यांत, म्हणजे 30 ते 50, मग 150 आणि 450 मेगाहर्ट्झच्या आसपास गेले. घरगुती रेडिओ तिथे पोहोचेना. मग खास यंत्र आले, स्कॅनर. तो अनेक लहरी एकामागून एक तपासतो आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतो. सुरुवातीच्या स्कॅनरमध्ये प्रत्येक लहरीसाठी वेगळा स्फटिक बसवावा लागे. खात्याने लहर बदलली की जुना स्फटिक निरुपयोगी, आणि नवा मागवायचा तर आधी नवा आकडा हवा. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात बटणे दाबून आकडा भरता येईल असे स्कॅनर मिळू लागले आणि शोधाचे काम खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांच्या हाती आले.

हा शोध कसा चालतो, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या लहरींचा कारभार वेगळ्या यंत्रणेकडे आहे आणि त्यांची यादी लोकांसाठी खुली नसते. राज्ये, जिल्हे आणि नगरपालिका यांना मात्र फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडून परवाना घ्यावा लागतो, आणि तो परवाना सार्वजनिक दस्तऐवज असतो. त्यात लहर, केंद्राचे संकेतनाम, मनोऱ्याची जागा, प्रक्षेपणाचा प्रकार सारे नमूद असते. ‘पोलीस कॉल’ नावाचे पुस्तक 1960 च्या दशकापासून 2005 पर्यंत अशाच नोंदी छापत असे.

पण परवान्यात लहर आहे म्हणजे ती वापरात आहे, असे नव्हे. कित्येक लहरी कागदावरच राहतात. म्हणून परवाना हा पुरावा नव्हे, तो फक्त सुगावा. जुनी लहर गप्प झाली की शौकीन आधी काही दिवस वाट पाहतो, कारण मनोऱ्यावरचे यंत्र बिघडलेले असू शकते. मग परवान्यातल्या नव्या लहरी आणि त्यांच्या आसपासचा पट्टा स्कॅनरने विंचरून काढतो. 450 च्या पट्ट्यात गाडीतून जाणारी लहर ही मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरीपेक्षा 5 मेगाहर्ट्झने वर असते, त्यामुळे जोडीतली एक सापडली की दुसरी हिशेबाने मिळते. आवाजाखाली एक मंद सूर चालू असतो. तो कानाला सहसा जाणवत नाही, पण यंत्र त्याचा आकडा सांगते. जुन्या लहरीवरचाच सूर नव्या लहरीवर मिळाला तर संशय बळावतो. पुष्कळ मनोरे नियमाप्रमाणे ठरावीक वेळाने आपले संकेतनाम मोर्स लिपीत पाठवतात, ते उतरवून परवान्याशी ताडून पाहायचे. शेवटी बोलण्यातली रस्त्यांची नावे आणि गाड्यांचे क्रमांक. हे सर्व वहीत तारीख-वेळेसह लिहायचे, आणि दोन-तीन गोष्टी जुळल्याखेरीज नाव द्यायचे नाही. एखाद्या इतिहास संशोधकाने मोडी कागदाचा कर्ता ठरवावा, तशीच ही पद्धत आहे.

या शौकिनांची खरी कसोटी दोन मोठ्या बदलांनी पाहिली. पहिला बदल 800 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. तिथे नेक्स्टेल या मोबाइल कंपनीच्या लहरी पोलीस आणि अग्निशमन दलांच्या लहरींमध्ये अडथळा आणत होत्या. म्हणून कमिशनने 2004 मध्ये पट्ट्याची फेरमांडणी ठरवली. सुरक्षा सेवांच्या राखीव लहरी बरोबर 15 मेगाहर्ट्झने खाली आणायच्या होत्या. काम तीन वर्षांत आटोपायचे होते, ते 2021 पर्यंत चालले. इथे एक वेगळीच अडचण आली. या पट्ट्यातल्या अनेक यंत्रणांत एक संगणक अनेक खात्यांना मोकळ्या लहरी वाटून देतो, आणि तो प्रत्यक्ष लहर न सांगता फक्त क्रमांक सांगतो. कुठल्या क्रमांकाची कुठली लहर, हे गणित स्कॅनरमध्ये आधीच भरलेले होते. फेरमांडणीनंतर ते गणितच बदलले आणि जुने स्कॅनर भलत्याच लहरीवर जाऊन मुकाट बसू लागले.

दुसरा बदल 1 जानेवारी 2013 च्या मुदतीचा. 150 ते 174 आणि 421 ते 470 मेगाहर्ट्झमधल्या परवानाधारकांनी 25 ऐवजी 12.5 किलोहर्ट्झच्या अरुंद वाटेत मावेल असे प्रक्षेपण करायचे होते. यात बहुतेकांची लहर तीच राहिली, पण वाट अरुंद झाल्याने जुन्या बैठकीवर ठेवलेल्या स्कॅनरमधून आवाज एकाएकी बारीक येऊ लागला. अनुभवी कानांनी त्या बारीक आवाजावरूनच ओळखले की या गावाने बदल केला. काही खात्यांनी मात्र हीच संधी साधून सारी यंत्रणाच नवी, डिजिटल केली आणि लहरीही बदलल्या. तिथे शोध पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडे हा छंद का रुजला नाही, याचे उत्तर कायद्यात आहे. बेयॉनच्या पोलिसांना दुतर्फा रेडिओ मिळाला त्याच 1933 साली इंग्रज सरकारने येथे भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा केला. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. साध्या रेडिओलाही टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरच्या जुन्या ट्रंकेत ती पुस्तिका अजून सापडेल. परक्या सरकारला लहरींची धास्ती का होती, ते 1942 मध्ये दिसले. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ मुंबईतून 42.34 मीटरवर बोलू लागला. पोलीस त्याच्या मागावर होते आणि कार्यकर्ते जागा बदलत होते. 12 नोव्हेंबर 1942 रोजी केंद्र पकडले गेले. तिथे सरकार नागरिकांची लहर शोधत होते. स्वातंत्र्यानंतरही तो कायदा कायम राहिला. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा घेतली, पण दुसऱ्याचा संदेश परवानगीवाचून पकडणे आजही गुन्हाच आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी तरुणाने पोलिसांच्या लहरीवर कान लावू नये. ज्याला खरी आवड आहे त्याने परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढावा. हैदराबादची राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था त्यासाठी शिकवते.

आता अमेरिकेतही दारे मिटू लागली आहेत. आवाज कुलपात घालण्याची सोय, म्हणजे एन्क्रिप्शन, डिजिटल यंत्रणेत सहज करता येते. डेन्व्हरच्या पोलिसांनी 2019 मध्ये सर्व वाहिन्या बंद केल्या. शिकागोने 2022 पासून लोकांसाठी 30 मिनिटे उशिराने ऐकण्याची व्यवस्था केली. न्यूयॉर्कमध्ये 2023 मध्ये कुलपे लावायला सुरुवात झाली. पोलीस म्हणतात, चोरही ऐकतात आणि पीडितांची नावे-पत्ते जगजाहीर होतात. ते खोटे नाही. पत्रकार म्हणतात, आग कुठे लागली, गोळी कुठे सुटली, हे आता खाते सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढेच कळणार. तेही खोटे नाही.

आम्ही स्वतः राज्य सरकारच्या नोकरीत आहोत, म्हणून पहिली बाजू आम्हाला चांगली समजते. काम करताना सतत कोणी ऐकत असणे सोपे नाही. पण 2005 चा माहितीचा अधिकार आल्यावर कचेऱ्यांतल्या नोंदी लिहिण्याची पद्धत सुधारली, हेही आम्ही पाहिले आहे. उद्या कोणी ही फाइल मागेल, ही जाणीव लेखणीला शिस्त लावते. नव्वद वर्षे तिथल्या शिपायाच्या आवाजाला अशीच शिस्त एका अनोळखी श्रोत्याने लावली असेल. सगळे कुलूपबंद असू नये आणि सगळे उघडेही असू नये. पीडिताचे नाव, चालू असलेली धाड यांना कुलूप असावे. पूर कुठवर आला, रस्ता कुठे बंद आहे, रुग्णवाहिका किती वेळात पोहोचली, हे मात्र ज्यांच्या करातून ती यंत्रणा चालते त्यांना ऐकता आले पाहिजे.