फॉल्स सीलिंगमधला लाइट बदलायचाय? आधी भोकाचं माप घ्या

बल्ब गेला की नवा फिरवून बसवता येतो. पीओपीतल्या डाउनलाइटचं तसं नाही. बऱ्याच एलईडी डाउनलाइटमध्ये वेगळा बल्बच नसतो. एलईडीची प्लेट, चौकट आणि वायरने जोडलेला छोटा डबा असा तो सेट असतो. या डब्याला ड्रायव्हर म्हणतात. घरातली २३० व्होल्ट एसी वीज तो एलईडीला चालेल अशा डीसीमध्ये बदलतो.

माझ्या अनुभवात आधी मरतो तो बहुतेक वेळा ड्रायव्हरच. पीओपीच्या वर हवा खेळत नाही, उष्णतेने आतला कपॅसिटर थकतो. लाइट लुकलुकत असेल तर पहिला संशय ड्रायव्हरवर घ्या. एलईडीवर काळे ठिपके दिसले तर मात्र प्लेट गेली समजा.

ड्रायव्हर सुटा मिळतो, पण दुकानात नुसतं ‘९ वॉटचा द्या’ म्हणू नका. जुन्याच्या लेबलचा फोटो काढून न्या. त्यावर मिलिअँपिअरमध्ये करंट लिहिलेला असतो, समजा ३०० एमए. तो तेवढाच हवा. व्होल्टेजची रेंजही जुळली पाहिजे. जास्त करंटचा ड्रायव्हर लावला तर लाइट सुरुवातीला झगमगतो आणि लवकर जळतो.

पूर्ण लाइटच बदलायचा असेल तर खरी डोकेदुखी मापाची. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतं ते बऱ्याचदा बाहेरच्या चौकटीचं माप. तुम्हाला हवं कट-आउटचं, म्हणजे छतातल्या भोकाचं, मिलिमीटरमध्ये. भोक मोठं निघालं तर क्लिप धरत नाही. त्यावर सरकत्या क्लिपचे लाइट मिळतात. लहान निघालं तर पीओपी कापावा लागतो, आणि तो सरळ कापला जाईल याची खात्री कुणीच देत नाही. वर जागा किती आहे तेही बघा.

आता सुरक्षेचं. फक्त बटण बंद करणं पुरेसं नाही. वायरिंग करणाऱ्याने बटण न्यूट्रलवर दिलं असेल तर लाइट बंद असूनही वरच्या वायरमध्ये करंट असतो. एमसीबी पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन बंद झाली की तो लाइटचे पॉइंट स्वतः चालू ठेवतो. मग टेस्टर लावा, पण आधी तो चालू सॉकेटवर तपासून घ्या.

लाइट काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, पीओपीची कड तुटते. दोन्ही बाजूंनी हळूहळू खाली ओढा आणि बोटं जपा. स्प्रिंग उंदराच्या सापळ्यासारखी मिटते.

रंगही जुळवा. ३००० केल्विन पिवळसर, ६५०० पांढराशुभ्र. मी तर नवीन छत करणाऱ्यांना त्याच मॉडेलचे दोन लाइट जास्तीचे घेऊन माळ्यावर टाकायला सांगतो, कारण तेच मॉडेल पुढे बाजारात मिळेलच असं नाही. वर वायर करपलेली दिसली तर मात्र पुढे हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.