एटीव्हीच्या इंजिनात परफॉर्मन्स कॅमशाफ्ट : काय बदलतं, कसा बसवतात आणि कुणी बसवू नये?

विरार पश्चिमेहून अर्नाळ्याला आलात की सुरूच्या झाडांपलीकडे वाळू लागते. अशा वाळूत फुगीर टायरची चारचाकी एटीव्ही चालवायला सगळ्यांनाच मजा येते. मी याच भागातला, आणि इंजिनांबद्दल लिहितो म्हणून मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो : “रील्समध्ये दाखवतात तो परफॉर्मन्स कॅम टाकला तर आपल्या एटीव्हीचा पिकअप वाढेल का?” याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. म्हणून आज आपण कॅमशाफ्ट म्हणजे काय, तो बदलल्याने काय होतं आणि तो कसा बसवतात, ते क्रमाने बघू.

कॅमशाफ्ट म्हणजे काय?

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आणि पेट्रोल आत येण्यासाठी एक झडप असते आणि धूर बाहेर जाण्यासाठी दुसरी. यांनाच आपण व्हॉल्व्ह म्हणतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे कॅमशाफ्ट ठरवतो. हा एक दांडा असतो आणि त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा रॉकरला ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. क्रँक दोन वेळा फिरला की कॅम एकदा फिरतो, आणि हा हिशोब टायमिंग चेन सांभाळते.

हे समजायला परदेशी गाडी लागत नाही. स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनात हीच रचना आहे : डोक्यात एक कॅम, दोन व्हॉल्व्ह आणि चेन. अनेक छोट्या एटीव्हींची इंजिनंही याच धाटणीची असतात. मोठ्या स्पोर्ट एटीव्हींत, उदाहरणार्थ यामाहा रॅप्टर ७०० मध्ये, ६८६ सीसीचा एकच सिलिंडर असतो, पण कॅमचं काम तेच.

लिफ्ट आणि ड्युरेशन : मोबाईलच्या कॅमेऱ्यासारखं

कॅमच्या डब्यावर दोन आकडे ठळक असतात. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडतो. ड्युरेशन म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत तो उघडा राहतो. मोबाईल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये तुम्ही शटरचा वेळ बदलता ना, ड्युरेशन तसंच आहे. जास्त वेळ उघडं राहिलं की जास्त आत येतं.

आता वेगाचा अंदाज घ्या. इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर एक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. ड्युरेशन २४० अंश धरलं तर प्रत्येक वेळी तो सेकंदाचा साधारण दीडशेवा भाग उघडा राहतो. एवढ्याशा वेळात सिलिंडर पूर्ण भरत नाही. परफॉर्मन्स कॅम व्हॉल्व्ह जास्त उंच आणि जास्त वेळ उघडतो, म्हणून वरच्या आरपीएमला इंजिन मोकळा श्वास घेतं.

मग तोटा कुठे आहे?

खालच्या आरपीएमला. व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला की पिस्टन वर येताना आत आलेली हवा थोडी परत बाहेर ढकलतो. शिवाय दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढतो. त्यामुळे आयडलिंग अडखळतं, खालची ओढ कमी होते आणि ॲव्हरेजही पडू शकतं.

लक्षात ठेवायची गोष्ट हीच : बहुतेक वेळा कॅम ताकद फुकट वाढवत नाही, ती खालून उचलून वर नेऊन ठेवतो. अर्नाळ्याच्या मासेमारी बोटींचं डिझेल इंजिन आठवा. ते हळू फिरतं, पण भरलेली बोट ओढतं. मऊ वाळूत, दोन माणसं घेऊन, सावकाश चालणाऱ्या एटीव्हीलाही अशीच खालची ओढ लागते. रेसिंगचा कॅम नेमकी तीच काढून घेतो.

सीव्हीटी असेल तर दुप्पट विचार करा

बऱ्याच एटीव्हींत ॲक्टिव्हासारखी बेल्टची सीव्हीटी असते. कोणत्या आरपीएमला बेल्ट सरकणार, हे आतली वजनं किंवा रोलर ठरवतात. नवा कॅम वरच्या आरपीएमला जोर देणार आणि सीव्हीटी इंजिनला तिथपर्यंत जाऊच देणार नाही, तर पैसे वाया गेले. म्हणून कॅमसोबत रोलर किंवा वजनंही जुळवावी लागतात.

इथे सुरक्षेचाही मुद्दा आहे. अडखळतं आयडलिंग लपवायला काही जण आयडल आरपीएम वाढवतात. सेंट्रिफ्युगल क्लच असलेल्या गाडीत तो वाढीव आरपीएमवर पकडायला लागतो आणि थ्रॉटल न देता गाडी पुढे सरकते. किनाऱ्यावर गाडीसमोर लहान मूल उभं असेल, तर काय होईल याचा विचार करा. आयडलवर गाडी सरकत असेल तर ती कुणालाही चालवायला देऊ नका.

कॅम बसवण्याचे टप्पे

प्रत्येक इंजिनाचं मॅन्युअल वेगळं असतं. बोल्टचा टॉर्क आणि मापं तिथूनच घ्यायची. क्रम मात्र साधारण असा असतो :

१. आधी गाडी धुवा. खारं पाणी आणि वाळू लागलेलं इंजिन तसंच उघडू नका. प्लगभोवतीची वाळू हवेने उडवा, मगच प्लग काढा. काम बंद, स्वच्छ जागेत करा. वाळूचा एक कण बेअरिंगवर ओरखडा पाडायला पुरेसा असतो.

२. इंजिन थंड असताना पिस्टन टीडीसीवर आणा. फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवा. कॉम्प्रेशनच्या टीडीसीला दोन्ही रॉकर थोडे हलतात. हलत नसतील तर क्रँक आणखी एक फेरा फिरवा.

३. चेन टेन्शनर आधी सैल करा, मग स्प्रॉकेट काढा. चेन तारेने बांधून ठेवा आणि खालच्या पोकळीत स्वच्छ फडकं कोंबा. तिथे पडलेला बोल्ट शोधायला अर्धं इंजिन उघडावं लागू शकतं.

४. जुना कॅम काढून रॉकर तपासा. रॉकरच्या तोंडावर खड्डे असतील तर नवा रॉकर घ्या. झिजलेला रॉकर नवा कॅमही खातो.

५. डीकॉम्प्रेशनची यंत्रणा बघा. काही इंजिनांत स्टार्ट सोपा व्हावा म्हणून कॅमवरच एक छोटी यंत्रणा असते. नव्या कॅमवर ती नसेल, तर जुनी काढून लावावी लागते का, ते कॅमच्या सूचनापत्रात पाहा.

६. नव्या कॅमला असेंब्ली ल्युब लावून तो बसवा. त्या वेळी उंचवटे रॉकरला दाबत नसावेत. स्प्रॉकेटची खूण हेडच्या खुणेशी तंतोतंत जुळली पाहिजे. समजा स्प्रॉकेटला ३२ दाते आहेत. एक दाता चुकला तर कॅम ११.२५ अंश आणि क्रँकच्या हिशोबाने २२.५ अंश सरकतो. “एका दात्याने काय होतंय” असं इथे चालत नाही.

७. टेन्शनर लावा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. पाना कुठे अडला तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असण्याची शक्यता आहे. फेरे झाल्यावर खुणा पुन्हा तपासा.

८. अंतर मोजा. लिफ्ट वाढली की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जास्त जवळ येतो. हेड काढून पिस्टनवर मऊ माती ठेवतात, हेड परत बसवून इंजिन हाताने फिरवतात आणि दबलेल्या मातीची जाडी मोजतात. व्हॉल्व्हची स्प्रिंग पूर्ण दाबली जाऊन तिची वेटोळी एकमेकांना भिडत नाहीत ना, हेही बघा. सौम्य कॅम बरेचदा मूळ स्प्रिंगवर चालतात. जास्त लिफ्टच्या कॅमला कडक स्प्रिंग लागतात.

९. टॅपेट सेट करा. फिलर गेजने, थंड इंजिनावर, आणि माप नव्या कॅमच्या कार्डावरचं. जुन्या मॅन्युअलचं माप इथे लागू असेलच असं नाही.

१०. पेट्रोलचं प्रमाण जुळवा. कार्ब्युरेटर असेल तर जेट, इंजेक्शन असेल तर ईसीयूचं ट्यूनिंग. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर इंजिन लीन चालतं, तापतं आणि पिस्टन खराब होऊ शकतो. पहिल्या काही तासांनंतर ऑइल बदला आणि टॅपेट पुन्हा तपासा.

या यादीतला आठवा टप्पा सोडून “बसतोय ना, मग झालं” म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी देऊ नका. वेगात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला तर व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टन फुटू शकतो आणि हेडही जातं. राइडवर ज्याचं घर चालतं, त्याचा अख्खा सीझन अशा बिघाडात बुडू शकतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. विना नंबरची एटीव्ही रस्त्यावर आणू नका. किनाऱ्यावर कुठे चालवायची, याचे स्थानिक नियमही विचारून घ्या. नोंदणी झालेल्या वाहनात परवानगी नसलेला बदल केल्यास कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग कॅम घ्यायचा की नाही?

तुमची एटीव्ही मोकळ्या ट्रॅकवर चालते, गिअरची आहे, तुम्ही सतत वरच्या आरपीएमला असता आणि ट्यूनिंगचा खर्च करायची तयारी आहे, तर सौम्य कॅमपासून सुरुवात करा. फरक जाणवेल.

पण गाडी किनाऱ्यावर लोकांना फिरवण्यासाठी असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे : कॅम नको. पिकअप मेला असेल तर आधी एअर फिल्टर उघडून बघा, वाळूच्या बारीक धुळीने तो चोंदलेला असू शकतो. मग टॅपेट, प्लग, बेल्ट आणि रोलर तपासा, टायरमधली हवा मॅन्युअलप्रमाणे ठेवा. झिजलेला बेल्ट घसरत असेल तर वरती कुठलाही कॅम टाकून चाकापर्यंत जोर पोचणार नाही. या तपासणीचा खर्च कॅमच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि मेलेला पिकअप बरेचदा एवढ्यानेच परत येतो.

कॅम घ्यायचं ठरलंच, तर दुकानदाराला किती हॉर्सपॉवर वाढेल हे नंतर विचारा. आधी विचारा, कोणत्या आरपीएमपासून वाढेल. आणि तुमची गाडी दिवसभर त्या आरपीएमला असते का, हे स्वतःच बघा.