शेजारचं शहामृग

शहामृग म्हणजे आफ्रिकेचं, असा माझा पक्का समज. नावात ‘मृग’, अंगावर पिसं आणि पंख असून उडता येत नाही. असला घोळ आपल्याकडचा नव्हेच! पण आमच्या नाशिकच्या शेजारी, जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे गावी एस. ए. साळी यांनी १९७२-७३ साली उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली. वय सुमारे २५,००० वर्षं! २०१७ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या अशाच कवचातला डीएनए तपासला. नातं आफ्रिकेतल्या शहामृगाशीच जुळलं.

‘‘एका अंड्यात कोंबडीची दोन डझन अंडी मावतात!’’ ऑम्लेट खाताखाता मी सौ.ला म्हणालो.

‘‘आणि टरफलं कोण उचलायचं?’’

टरफलांचे त्यांनी मणी केले होते. एका तुकड्यावर तर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरली होती.

‘‘बाईनंच कोरली असणार,’’ ती म्हणाली. ‘‘पुरुषांच्या हातून टरफल केराच्या टोपलीतसुद्धा पडत नाही.’’

पक्षी गेला, खाणारे गेले, रेघा तेवढ्या उरल्या. आपलं मागे काय उरणार, या विचारानं घास घशाखाली उतरेना. मी मुकाट्यानं उठलो आणि टरफलं उचलली.