करोलबागेतल्या तकरिरी

शाळेच्या पुस्तकात खिलाफत चळवळ दोन-तीन परिच्छेदांत आटोपते. अली बंधू, गांधीजी, असहकार, चौरीचौरा आणि शेवटचे वाक्य असे की, तुर्कस्तानने स्वतःच खिलाफत रद्द केल्यामुळे चळवळ संपली. वर्गात हे वाक्य आले की एखादे तरी पोर विचारतेच, “सर, मग आपल्या लोकांचे काय झाले?” प्रश्न बरोबर आहे. ज्यांनी दागिने विकले, नोकऱ्या सोडल्या, तुरुंगात गेले, त्यांनी ३ मार्च १९२४ ची ती बातमी वाचून काय केले?

कोणी रडले, कोणी तुर्कांना काफर ठरवले, कोणी अंकाऱ्याला तारा पाठवल्या. बरेचजण गप्प झाले. पण दिल्लीतल्या एका कफल्लक शिक्षणसंस्थेने निराळीच गोष्ट केली. तिने तुर्कांनाच बोलावले, व्यासपीठावर उभे केले आणि विचारले, तुमच्याकडे नेमके झाले काय ते सांगा. ती संस्था म्हणजे जामिया मिल्लिया इस्लामिया. आज तिथे मौलाना मोहम्मद अली जौहर यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय अभ्यासाची अकादमी आहे. १९८८ मध्ये ती ‘तिसऱ्या जगाच्या अभ्यासाची अकादमी’ म्हणून सुरू झाली. जाहीर व्याख्याने, परिसंवाद, परदेशी पाहुणे हा तिथला नित्यक्रम आहे. कागदोपत्री तिचे वय चाळिशीच्या आतले. माझ्या मते मात्र तिचा पाया १९३३ ते १९३५ या काळात करोलबागेत घातला गेला.

तेव्हाची जामिया कशी होती ते आधी पाहू. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्ये ती जन्मली ती सरकारी अनुदान नाकारूनच. चळवळीच्या लाटेवर आलेली संस्था, लाट ओसरली तशी तीही बुडेल असे सगळ्यांनाच वाटत होते. १९२५ मध्ये ती दिल्लीला करोलबागेत आली. पुढच्या वर्षी जर्मनीहून डॉक्टरेट करून आलेले झाकिर हुसेन कुलगुरू झाले. हे तेच, पुढे राष्ट्रपती झालेले. १९२८ मध्ये शिक्षकांनी आपली संघटना केली आणि वीस वर्षे, महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार न घेता, इथेच शिकवण्याची शपथ घेतली. आम्ही शिक्षक लोक पगारावर फार बोलतो, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला. तो वरचा आकडा होता, आणि तोही हातात पडेलच याची खात्री नसे.

अशा संस्थेने परदेशी वक्त्यांची व्याख्यानमाला भरवायची, हे धाडसच. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली होती; जाहीर व्याख्यान ऐकायला गर्दी जमते हे मराठी माणसाला नवे नाही. पण इथे मुद्दा निराळा होता. विषय होता दुसरा देश, आणि बोलणारा त्या देशाचा.

हे जमले डॉ. मुख्तार अहमद अन्सारींमुळे. १९२८ पासून ते जामियाचे अमीर, म्हणजे कुलपती होते. त्यांचे तुर्कांशी नाते जुने. बाल्कन युद्धात तुर्की जखमींची सेवा करण्यासाठी डिसेंबर १९१२ मध्ये मुंबईच्या बंदरातून जे वैद्यकीय पथक निघाले, त्याचे प्रमुख तेच होते. त्या पथकातला अब्दुर्रहमान पेशावरी नावाचा तरुण परत आलाच नाही. तो तिकडेच राहिला, तुर्की फौजेत लढला, अफगाणिस्तानात तुर्कस्तानचा दूत झाला आणि १९२५ मध्ये इस्तंबूलच्या रस्त्यात गोळ्या लागून मेला. मारेकऱ्यांना तो रऊफ बे वाटला, असे सांगतात. आणि हेच रऊफ बे, नौदलाचे नामांकित अधिकारी, माजी पंतप्रधान आणि आता मुस्तफा कमालशी फाटल्यामुळे देशाबाहेर असलेले, १९३३ मध्ये जामियात बोलायला आले.

त्यानंतर दोन वर्षांनी, जानेवारी १९३५ मध्ये, आल्या हालिदे एदिब. आपल्या उर्दू वाचकांना त्या खालिदा अदीब खानम म्हणून ठाऊक. १८८४ चा जन्म. इस्तंबूलच्या अमेरिकन मुलींच्या कॉलेजातून पदवी घेणारी पहिली मुसलमान तुर्की मुलगी. १९१९ मध्ये ग्रीक फौजा इझमिरला उतरल्या तेव्हा सुलतान अहमद मशिदीसमोरच्या मैदानात प्रचंड जमावापुढे त्यांनी केलेल्या भाषणाने तुर्कस्तान हलले. सुलतानाच्या न्यायालयाने १९२० मध्ये मुस्तफा कमालबरोबर ज्यांना फाशीची शिक्षा सुनावली, त्यांत ही बाईही होती. त्या अनातोलियात गेल्या, वृत्तसंस्था उभारली, फौजेत भरती होऊन कॉर्पोरलचा हुद्दा मिळवला. प्रजासत्ताक आले आणि दोन वर्षांत विरोधी पक्षावर बंदी आली. त्या पक्षाचे एक पुढारी म्हणजे हालिदे यांचे पती डॉ. अदनान. नवरा-बायको दोघे देश सोडून इंग्लंड आणि पुढे पॅरिसला राहिले. १९२८ मध्ये अमेरिकेत विल्यम्सटाउनला आंतरराष्ट्रीय राजकारणावर भरणाऱ्या उन्हाळी परिषदेत त्यांनी तुर्कस्तानवरील चर्चासत्र चालवले, तिथे असे सत्र चालवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातही शिकवले.

म्हणजे जिला खिलाफत पाडणाऱ्या राजवटीने देशाबाहेर राहायला लावले, आणि जी तरीही खिलाफत परत आणा म्हणत नव्हती, अशी बाई खिलाफतवाल्यांच्या पिढीपुढे बोलणार होती. श्रोत्यांची पंचाईत कल्पनेने समजू शकते. कमाल पाशाला शिव्या द्याव्यात तर ती त्याच्या लढाईतली शिपाई. त्याची आरती ओवाळावी तर ती त्याच्या हुकूमशाहीची टीकाकार.

आठ व्याख्याने झाली, इंग्रजीतून. उस्मानी राज्य कसे उभे राहिले आणि कसे खिळखिळे झाले, एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणा, तरुण तुर्क, राष्ट्रवाद, प्रजासत्ताक, बायकांची स्थिती, साहित्य, असा मोठा पट होता. एका व्याख्यानाला अध्यक्ष गांधीजी होते. दुसऱ्या एकाला अल्लामा इक्बाल. घशाच्या आजाराने त्यांचा आवाज बसला होता, उपचारासाठी ते भोपाळला निघाले होते आणि वाटेत दिल्लीला थांबले. मला हा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो. कारण इक्बालांनी मद्रास, हैदराबाद, अलीगढ इथे दिलेल्या आणि १९३० मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या व्याख्यानांत तुर्कांची बाजू घेतली होती. खिलाफत एकाच माणसाकडे असली पाहिजे असे नाही, निवडून आलेल्या सभेकडेही ती सोपवता येते, हा तुर्कांचा इज्तिहाद त्यांना योग्य वाटला होता. त्यासाठी त्यांनी तुर्की विचारवंत झिया गोकाल्प यांच्या कविता धुंडाळल्या, त्याही जर्मन अनुवादातून. आणि आता गोकाल्प यांच्याबरोबर वावरलेली बाई समोर बसली होती.

इथे थोडे मागे जाऊन एक कडवट गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय या व्याख्यानांची गरज कळत नाही. १९२३ च्या अखेरीस आगा खान आणि सय्यद अमीर अली या दोन हिंदी मुसलमान नेत्यांनी लंडनहून तुर्की पंतप्रधान इस्मत पाशांना पत्र लिहिले, की खलिफाचा मान राखा. पत्र पंतप्रधानांच्या हाती पडण्याआधी इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आले. अंकाऱ्यात संताप उसळला. इंग्रजांच्या गोटातली माणसे आम्हाला खिलाफतीचे धडे देतात काय? संपादकांवर खटले भरले गेले आणि खिलाफत ठेवण्याच्या विरोधकांना आयते हत्यार मिळाले. काही महिन्यांत खिलाफत गेली. ती वाचवायला लिहिलेल्या पत्राने तिचा शेवट जवळ आणला. आपल्या मनात एक तुर्कस्तान होता. नकाशावर दुसराच होता. आपण पहिल्याशी बोलत राहिलो.

हालिदे यांचे मत सरळ एका खणात बसत नाही. धर्म आणि राज्य वेगळे करण्याला त्यांचा पाठिंबा होता. त्यांची हरकत अशी, की वेगळे करताना तुर्की सरकारने एकच बाजू मोकळी केली. राज्य धर्माच्या हातून सुटले, पण मशिदी, इमाम, मुफ्ती हे सगळे सरकारी खात्याखाली गेले. ज्यू आणि ख्रिस्ती समाजांच्या धर्मसंस्था त्यांच्या त्यांच्या हाती, मुसलमानांची मात्र पंतप्रधानांच्या कार्यालयाला बांधलेली. विल्यम्सटाउनच्या काळातल्या लिखाणात त्यांनी हे स्पष्ट मांडले आहे. आपल्याकडे ‘सेक्युलर’ या शब्दावर रोज भांडणे होतात. हा मुद्दा मात्र क्वचितच कोणी काढतो.

लिपीचेही तसेच. १९२८ मध्ये तुर्कस्तानने अरबी लिपी टाकून लॅटिन घेतली, आणि तीही काही महिन्यांत. उर्दूचा शिक्षक म्हणून या निर्णयाकडे मी त्रयस्थपणे पाहू शकत नाही, पण मराठीचाही शिक्षक असल्याने मोडीची आठवण येते. आजोबांच्या पेटीतला कागद नातवाला वाचता येत नाही, हे आपणही अनुभवले, तेही क्रांती न करता.

आता एक गोष्ट जी आपले लोक हालिदे यांच्याबद्दल लिहिताना गाळतात. पहिल्या महायुद्धात त्या जमाल पाशांच्या बोलावण्यावरून सीरियात शाळांचे काम पाहायला गेल्या होत्या. लेबनॉनमधल्या अंतूरा इथल्या अनाथाश्रमाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तिथे आईबाप मारले गेलेल्या अर्मेनियन मुलांना तुर्की नावे देऊन, मुसलमान म्हणून वाढवले जात होते. आठवणींत त्यांनी या नावबदलाबद्दल नाराजी नोंदवली आहे, तरी काम केले हे खरे. आपल्या घराघरात सांगितल्या जाणाऱ्या खिलाफतीच्या कहाणीत अर्मेनियन माणूस येतच नाही. ज्या बाईला आपण डोक्यावर घेतो तिच्या चरित्रात तो उभा आहे, आणि तिला वाचायचे तर तेही पान वाचावे लागेल.

दिल्लीत त्या डॉ. अन्सारींच्या दर्यागंजमधल्या ‘दारुस्सलाम’ या घरी उतरल्या. व्याख्याने संपल्यावर देशभर फिरल्या. व्याख्याने त्याच वर्षी ‘तुर्कस्तानातील पूर्व-पश्चिम संघर्ष’ अशा अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात निघाली. प्रवासाचे पुस्तक १९३७ मध्ये लंडनहून आले, त्यात हिंदुस्थान ‘दारुस्सलाम’च्या खिडकीतून पाहिल्यासारखा आहे. त्या घरात हिंदू-मुसलमान एकाच पंगतीला बसत, आणि बाईंना तोच उद्याचा देश वाटला. त्याच पुस्तकात पाकिस्तान हा शब्द घडवणारे चौधरी रहमत अलीही आहेत. त्यांचे म्हणणे हालिदे यांनी नीट मांडले, प्रश्न विचारले, आणि त्यांना ते पटले नाही. १९३७ मध्ये, लाहोर ठरावाच्या तीन वर्षे आधी, एक परदेशी बाई दोन्ही वाटा पाहून लिहीत होती. पाहुण्याचा डोळा कधी घरच्यांपेक्षा साफ असतो. तिचे वाचन चुकले की आपले वागणे, यावर मी मित्रांशी अजून वाद घालतो.

व्याख्यानांच्या हंगामातच, १ मार्च १९३५ रोजी, जामियाने ओखल्याला स्वतःच्या इमारतीची कोनशिला बसवली. ती कुण्या नवाबाच्या किंवा लाटसाहेबाच्या हातून नव्हे, तर शाळेतल्या सगळ्यात लहान विद्यार्थ्याच्या, अब्दुल अझीझच्या हातून. पुढच्या वर्षी मे महिन्यात डॉ. अन्सारी रेल्वेप्रवासात वारले. त्यांची कबर जामियाच्याच आवारात आहे.

हालिदे १९३९ मध्ये, कमाल अतातुर्क गेल्यानंतर, मायदेशी परतल्या, इस्तंबूल विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापक झाल्या, १९५० मध्ये खासदारही झाल्या. १९६४ मध्ये वारल्या. ज्या वर्षी त्या दिल्लीत बोलत होत्या त्याच वर्षी त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी लंडनला इंग्रजीत छापली गेली. तुर्कीत ती पुस्तकरूपाने आली पुढच्या वर्षी, नव्या लिपीत.