नवापूरचे अपघात : महिन्याचा आकडा वाचावा कसा

दर महिन्याच्या सुरुवातीला पोलीस ठाण्यातून वर जाणाऱ्या तक्त्यात अपघातांचा एक रकाना असतो. सरत्या महिन्यात किती, त्याआधीच्या महिन्यात किती, गेल्या वर्षी याच महिन्यात किती. आकडा फुगला की बैठकीत खुलासा मागितला जातो. उतरला की मोहिमेला यश आल्याची बातमी छापून येते. पुण्या-नागपूरसारख्या शहरांत ही रीत थोडीफार तरी निभावते. नवापूरसारख्या तिसेक हजार वस्तीच्या तालुक्याच्या गावी ती बहुतेक वेळा फसते. ती का फसते हे गणिताने दाखवता येते, आणि तिच्या जागी काय करावे हेही त्याच गणितातून निघते.

आधी गावाची जागा पाहू. नवापूर गुजरातच्या हद्दीला इतके चिकटून आहे की त्याच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत पडतो. गावाजवळून सुरत-धुळे-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. पश्चिमेला बेडकीचा सीमा तपासणी नाका आणि त्यापलीकडे उच्छल, सोनगढ, व्यारा. पूर्वेला विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, मग दहिवेल आणि साक्री. या रस्त्यावर तीन वेगवेगळ्या वाहतुकी एकमेकींत मिसळतात. हजिरा-सुरतेहून विदर्भाकडे आणि पुढे जाणारे लांब पल्ल्याचे ट्रक, ज्यांचा नवापूरशी संबंध एका चहापुरता. तालुक्यातल्या पाड्यांवरून बाजाराला, शाळेला, दवाखान्याला येणाऱ्या मोटारसायकली, काळीपिवळ्या आणि पिकअप. आणि हंगामी वाहतूक : उसाच्या ट्रॉल्या, मजुरांच्या गाड्या, लग्नाची वऱ्हाडे. या तिघींचे पंचांग वेगळे आहे. महिन्याचा एकच आकडा तिन्ही पंचांगांची बेरीज सांगतो, म्हणून एकाचेही नीट सांगत नाही.

देशपातळीवरचे चित्र पाहिले की या गावाचे वजन कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. देशातल्या रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास, पण मृत्यूंत ३६ टक्के. मेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होते. महामार्ग आणि दुचाकी या दोन्ही गोष्टी नवापुरात एकाच ठिकाणी भेटतात : पाड्याचा रस्ता जिथे महामार्गाला मिळतो तिथे.

योगायोगाचा हिस्सा

समजा, एखाद्या ठाण्याच्या हद्दीत महिन्याला सरासरी ४ गंभीर अपघात होतात आणि वर्षभर परिस्थितीत काहीही फरक पडत नाही. तोच रस्ता, तीच वाहने, तोच बंदोबस्त. तरीही दर महिन्याला बरोबर ४ अपघात होणार नाहीत. फ्रेंच गणिती प्वासाँ याने १८३७ मध्ये मांडलेल्या वितरणानुसार अशा क्वचित आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटनांचे प्रमाण विचलन सरासरीच्या वर्गमुळाइतके असते. ४ चे वर्गमूळ २. म्हणजे २ ते ६ हा नित्याचा पट्टा झाला, आणि ० किंवा ८ हेही अधूनमधून येणारच. एका महिन्यात ८ किंवा अधिक अपघात होण्याची शक्यता ५ टक्के भरते. बारा महिन्यांत एकदा तरी असा महिना येण्याची शक्यता ४७ टक्के. उलट बाजूने, एक किंवा शून्य अपघाताचा महिना वर्षात एकदा तरी येण्याची शक्यता ६८ टक्के. थोडक्यात, काहीही न बदलता एकाच वर्षात या ठाण्याला एक खुलासा द्यावा लागू शकतो आणि एक शाबासकीही मिळू शकते. दोन्हीही फुकटच्या.

हे केवळ कागदी गणित नाही. बोर्टकिविझ या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांची नोंद तपासली. १० तुकड्या, २० वर्षे, म्हणजे २०० नोंदी आणि एकूण १२२ मृत्यू. १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एका नोंदीत चार. चार मृत्यू पडलेल्या त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला त्या वर्षी काय ऐकावे लागले असेल याची कल्पना करावी. पण हे सगळे आकडे प्वासाँच्या सूत्राशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. त्या तुकडीत घोडे अधिक मारके होते असे मानायला या आकड्यांत काही आधार नाही.

याचाच पुढचा भाग सरासरीकडे परतण्याचा. आठ अपघातांच्या महिन्यानंतर हेल्मेटची मोहीम निघते, दंडाच्या पावत्या फाटतात, आणि पुढच्या महिन्यात आकडा ५ वर येतो. मोहीम निघाली नसती तरी पुढचा महिना ८ च्या खाली राहण्याची शक्यता ९५ टक्के होतीच. ब्रिटनमध्ये वेगमापक कॅमेऱ्यांचा फायदा मोजताना हाच वाद झाला : कॅमेरे नुकतेच जास्त अपघात झालेल्या जागी बसवले, मग नंतर झालेल्या घटीपैकी कॅमेऱ्याची किती आणि आपोआप झालेली किती? मोहिमा निरुपयोगी आहेत असे इथे म्हणायचे नाही. एका महिन्याच्या आकड्याने त्यांची उपयुक्तता सिद्धही होत नाही आणि खोडलीही जात नाही, इतकेच.

मृत्यूंचा आकडा तर आणखी बेभरवशाचा, कारण मृत्यू गठ्ठ्याने येतात. २१ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे कोंडाईबारी घाटात सुरतेकडे निघालेली खासगी बस पुलावरून खाली कोसळली. पाच जण मेले, तीसहून अधिक जखमी झाले. नोंदीच्या भाषेत हा एकच अपघात. पण त्या महिन्याच्या मृत्यूंच्या रकान्यात तो एकटा पाच भरतो, आणि पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर काहीही न करता ‘सुधारलेला’ दिसतो. म्हणून लहान हद्दीत अपघातांचा आणि मृत्यूंचा कल वेगवेगळा काढावा, आणि मोठी दुर्घटना तक्त्यात तळटीप देऊन बाजूला दाखवावी.

पंचांगाचे खेळ

योगायोग वजा केल्यावरही महिन्यामहिन्यांत खरा फरक उरतो. त्यातला काही निव्वळ दिनदर्शिकेचा असतो. फेब्रुवारीपेक्षा मार्चला तीन दिवस जास्त, म्हणजे जवळजवळ ११ टक्के जास्त रहदारी. आठवडे बाजाराचा वार एखाद्या महिन्यात चारदा येतो, एखाद्यात पाचदा. दिवाळी २०२३ मध्ये नोव्हेंबरच्या मध्यावर होती, २०२४ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सीमेवर, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे २०२३ चा ऑक्टोबर आणि २०२५ चा ऑक्टोबर हे नावाला सारखे. रस्त्यावर ते दोन वेगळे महिने आहेत. नवापूरच्या नंदुरबार जिल्ह्यात याचे महत्त्व अधिक, कारण अस्तंबा डोंगराची यात्रा धनत्रयोदशीच्या आसपास भरते आणि माणसे पिकअपमध्ये दाटीने बसून घाट चढतात-उतरतात. १८ ऑक्टोबर २०२५ रोजी चांदशैली घाटात यात्रेकरूंची अशीच एक गाडी उलटून जीव गेले. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. असा धोका तिथीला बांधलेला आहे. तारखेच्या तक्त्यात तो सापडत नाही.

सूर्यास्ताकडे तर कोणी पाहतच नाही. देशभरात सर्वाधिक अपघात सायंकाळी ६ ते ९ या वेळात होतात, एकूण अपघातांचा सुमारे पाचवा हिस्सा. नवापुरात जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आतच. म्हणजे बाजार आटोपून पाड्याकडे परतण्याची तीच वेळ उन्हाळ्याच्या शेवटी बरीचशी उजेडात जाते आणि हिवाळ्यात पूर्ण काळोखात.

नेमक्या याच काळोख्या महिन्यांत ऊस रस्त्यावर येतो. डोकारे येथील आदिवासी सहकारी साखर कारखान्याकडे आणि हद्दीपलीकडच्या कारखान्यांकडे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात. मागचा दिवा बहुधा नसतो, आणि ट्रॉलीबाहेर लोंबणारे वाढे रिफ्लेक्टर असलाच तर तोही झाकून टाकते. ताशी साठच्या वेगाने येणारी मोटारसायकल आणि ताशी पंधराने चाललेली ट्रॉली यांच्यात समोरून आलेल्या ट्रकच्या प्रखर दिव्यांनी काही सेकंदांचे आंधळेपण येते. अशातून होणाऱ्या अपघाताला ‘भरधाव वेग’ हे कारण लिहून मोकळे होणे सोपे आहे. देशात २०२२ मधले ७० टक्क्यांहून अधिक अपघात याच कारणाखाली नोंदले गेले. इतके सगळे एकाच खान्यात पडू लागले की तो खाना काही शिकवत नाही, असे माझे मत आहे.

मजुरांचे पंचांग वेगळे. दिवाळीनंतर तालुक्यातली कुटुंबेच्या कुटुंबे बारडोली-सुरतेच्या पट्ट्यात कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. होळीला काही परततात, सण करून पुन्हा जातात, आणि पावसाच्या आधी हंगाम संपवून घरी येतात. या ये-जा करण्याच्या आठवड्यांत रस्त्यावर माणसे जास्त असतात आणि ती मालाच्या गाड्यांतून प्रवास करतात. एप्रिल-मे मध्ये लग्नसराई : रात्रीचा प्रवास, वऱ्हाडाचा ट्रॅक्टर, ट्रिपल सीट. दारूचा विषयही टाळता येत नाही. गुजरातेत राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी आहे आणि नवापूर हद्दीवर आहे. पिऊन परत जाणारा त्याच महामार्गाने जातो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गालगत ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, लहान गावांसाठी ती २२० मीटरवर आणली, आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीला सूट दिली. मनाई अमलात आली त्या १ एप्रिल २०१७ च्या आधीचे आणि नंतरचे काही महिने हद्दीवरच्या ठाण्यांत शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत, पण इथेही एका महिन्यावरून काही बोलू नये.

पावसाबद्दल सर्वांचे मत ठरलेले असते : पाऊस आला की अपघात वाढतात. पहिल्या सरींत धूळ आणि सांडलेले तेल मिळून रस्ता निसरडा होतो हे खरे. पण मुसळधार पावसात वेग उतरतो, दुचाकी घरी राहते, शेतात लावणी सुरू असते. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीला महापूर आला तेव्हा नवापुरात जीवितहानी झाली, वाहतूक कोलमडली. वाहनच न धावल्याने त्या काळात अपघात कमी झाले असतील तर त्याला सुरक्षितता म्हणता येणार नाही. टाळेबंदीने हाच धडा देशभर दिला. २०१९ मध्ये देशात रस्त्यावर १,५१,११३ माणसे मेली, २०२० मध्ये १,३१,७१४. अपघात सुमारे १८ टक्क्यांनी घटले, मृत्यू मात्र १३ टक्क्यांनीच. रस्ते रिकामे झाले, पण जे अपघात झाले ते अधिक जीवघेणे ठरले. छेद म्हणून किती वाहने धावली हे धरल्याशिवाय अंशातल्या आकड्याला अर्थ नाही. नवापूरला हा छेद मिळणे अवघड नाही : टोलवर अवजड वाहनांची मोजणी होतेच.

चौपदरीकरणाचा परिणामही असाच दुहेरी आहे. फागणे ते गुजरात हद्द या सुमारे १४० किलोमीटरच्या टप्प्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. अर्धवट काम म्हणजे वळणरस्ते, अचानक संपणारा पदर, दिशाफलकाविना उभे राहिलेले यंत्र. काम पूर्ण झाले की समोरासमोरची धडक कमी होते, पण वेग वाढतो, आणि दुभाजकामुळे पाड्यावरच्या माणसाला दोन किलोमीटरचा वळसा पडतो. तो वळसा न घेता उलट दिशेने येतो. अपघाताचा प्रकार बदलतो. महिन्याची बेरीज कदाचित तीच राहते.

नोंदीतल्या फटी

हद्द आणखी एक घोळ करते. अपघात नवापूरच्या हद्दीत होतो, जखमीला व्यारा किंवा सुरतेला नेतात, तिथे दहाव्या दिवशी तो दगावतो. व्याख्येप्रमाणे ३० दिवसांच्या आतला मृत्यू अपघाती मृत्यू धरायचा. पण तिथली शून्य क्रमांकाची कागदपत्रे इकडे येईपर्यंत मासिक तक्ता वर गेलेला असतो. त्यामुळे ताजा महिना नेहमी थोडा बरा दिसतो. किरकोळ धडका तर जागीच आपसात मिटतात. महाराष्ट्रात २०२२ मध्ये ३३,३८३ अपघातांत १५,२२४ मृत्यू, म्हणजे शंभर अपघातांमागे ४५ हून अधिक. देशाचे प्रमाण ३६ च्या आसपास. यातला काही भाग आपले रस्ते अधिक घातक असल्याचा असेल, काही भाग लहान अपघात नोंदलेच जात नसल्याचा. म्हणून वर्षानुवर्षांच्या तुलनेसाठी गंभीर आणि प्राणांतिक अपघातच धरावेत. २०२१ पासून महाराष्ट्रात आलेल्या एकात्मिक अपघात नोंद प्रणालीत पोलीस घटनास्थळीच मोबाइलवर ठिकाण नोंदवतात. या ठिकाणाच्या नोंदीचे मोल महिन्याच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक आहे.

मग किती काळाचा आकडा पुरेसा? समजा, एखाद्या उपायाने महिन्याचे ४ अपघात ३ वर आले, म्हणजे पाव भाग घटले. एक वर्ष आधी आणि एक वर्ष नंतर पाहिले तर ४८ आणि ३६. हा १२ चा फरक योगायोगानेही सहज पडतो. तीन वर्षे आधी, तीन वर्षे नंतर पाहिले तर १४४ आणि १०८, आणि आता फरकावर विश्वास ठेवता येतो. राष्ट्रीय महामार्गावरील अपघातप्रवण स्थळाच्या सरकारी व्याख्येतही तीनच वर्षे आहेत : ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत ५ गंभीर किंवा प्राणांतिक अपघात, किंवा १० मृत्यू. हंगाम शोधायचा असेल तर पाच वर्षांचे तेच-तेच महिने एकत्र करावेत. तरीही सरासरी २० च्या बेरजेत ११ ते २९ पर्यंतचा चढउतार योगायोगात मोडतो. याहून बरे म्हणजे महिन्यांऐवजी हंगाम धरणे : दिवाळी ते होळी, होळी ते पहिला पाऊस, आणि पावसाळा.

तेव्हा नवापूर आणि विसरवाडी ठाण्यांच्या मासिक तक्त्यातला वाढ-घटीचा रकाना काढून टाकावा, त्या जागी तीन रकाने घालावेत : अपघाताचे ठिकाण, अंधार की उजेड, आणि दुसरे वाहन कोणते. आणि वाचकांनी, ‘गतमहिन्यापेक्षा अपघातांत तीस टक्के घट’ असे छापून आले, तर आधी इतकेच विचारावे : तीस टक्के म्हणजे किती अपघात?